हेल्मेटसक्ती, बेंगळुरूमधील

दुचाकी चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने हेल्मेट घातलेच पाहिजे, न घातल्यास दंड भरला पाहिजे, असा नियम. स्वतःच्या जिवाची जोखीम स्वतः उचलायला माणूस किती मोकळा आहे आणि सरकारने त्यात कुठवर हात घालावा, हा जुना वाद बेंगळुरूत जवळजवळ दोन दशके या नियमाभोवती चालत आला आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 129 ने देशभर हेल्मेट आवश्यक केले. पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट दिली आणि आणखी अपवाद करण्याची मुभा राज्यांना ठेवली. राज्यांनी ती सढळ हाताने वापरली. राजधानी दिल्लीत स्त्रियांना 2014 पर्यंत हेल्मेटची सक्ती नव्हती. बेंगळुरूत 2006 मध्ये चालकासाठी सक्ती आली, पण मागे बसणाऱ्यासाठी ती कर्नाटकभर लागू व्हायला जानेवारी 2016 उजाडला. या मधल्या वर्षांकडे स्वातंत्र्याच्या चर्चेत फारसे कोणी पाहत नाही. मागे बसते ती बहुधा बायको, आई किंवा मुलगी. पुष्कळदा साडीत, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन. वेग तिच्या हातात नसतो, ब्रेकही नसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 जण देशात दगावले. त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. त्या सर्वांनी आपखुशीने जोखीम पत्करली होती, असे म्हणता येत नाही. मुलांच्या बाबतीत तर तो प्रश्नच उद्भवत नाही. 2019 च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील सर्वांना हेल्मेट सक्तीचे केले. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, सुरक्षापट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा घालणारे नियम 2022 मध्ये आले.

सक्तीला विरोध करणाऱ्यांचा वैचारिक आधार म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1859 मध्ये मांडलेले तत्त्व : दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने माणसाला अडवावे, केवळ त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नव्हे. मिल यांच्या विचारांचा गोपाळ गणेश आगरकरांवर खोल प्रभाव होता, त्यामुळे मराठी वाचकाला ही भूमिका परकी नाही. हैदराबादच्या सक्तीविरुद्धचे अजय कानू प्रकरण 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. न्यायालयाने सक्ती वैध ठरवली. संचाराच्या मूलभूत हक्कावर तिने गदा येत नाही, असा निर्वाळा दिला. पुढे 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ती याचिका बेंगळुरूचे, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची होती. स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याच्या स्वातंत्र्याला त्या निकालाने नवे बळ दिले.

सक्तीचे समर्थक बहुधा उपचारांच्या खर्चाकडे बोट दाखवतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत डोक्याला मार लागलेले दुचाकीस्वार सतत येत असतात, आणि तिथले साथरोगतज्ज्ञ डॉ. जी. गुरुराज यांनी या दुखापतींचा वर्षानुवर्षे अभ्यास करून हेल्मेटच्या कायद्याची बाजू मांडली. मात्र खर्चाचा युक्तिवाद एकदा मान्य केला की तो तंबाखू, गोडधोड, गिर्यारोहण, कशालाही लावता येतो. अधिक भक्कम आधार दुसरा आहे. हेल्मेटने मृत्यूची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे 69 टक्क्यांनी घटते, असा अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन पुनरावलोकनाचा निष्कर्ष आहे. बदल्यात सोसायचे ते घाम आणि थोडे ओझे. जायचे तिथे जाण्यापासून माणसाला कोणी अडवत नाही. अट घालणे आणि बंदी घालणे यांतला हा फरक कळीचा आहे. कर्नाटकाने 2021 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली, तेव्हा कौशल्याचे खेळही तीत ओढल्यामुळे उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द केल्या. (संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये अशा खेळांवर देशव्यापी बंदी आणली, तो पुढचा भाग.)

पुण्याचा मार्ग वेगळा. तिथे 1 जानेवारी 2019 पासून पोलिसांनी कारवाई कडक केली आणि हेल्मेटविरोधी कृती समिती पगड्या घालून रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी जूनमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सूचनेनंतर शहरांतर्गत कारवाई सैल झाली. शहरात वाहने रांगतातच, मग हेल्मेट कशाला, हा तिथला आवडता मुद्दा. वाहतुकीची मोजणी करणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या 2023 च्या आकडेवारीत 10 किलोमीटर जायला बेंगळुरूत सुमारे 28 मिनिटे लागत होती, पुण्यातही जवळजवळ तितकीच. पण सरासरी वेग दिवसाच्या कोंडीचा असतो. रात्री मोकळ्या झालेल्या बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर तो लागू पडत नाही, आणि हळू चाललेल्या स्कूटरवरून डोके पदपथाच्या कडेवर आपटले तरी कवटी फुटते.

बेंगळुरूत उघड विरोध ओसरला. त्याची जागा पळवाटेने घेतली. कानांच्या वरच संपणारे, टोपीसारखे हाफ हेल्मेट पावती चुकवण्यापुरते डोक्यावर येते, पट्टा लोंबत राहतो. आयएस 4151 या मानकात न बसणाऱ्या हेल्मेटांच्या विक्रीवर 1 जून 2021 पासून बंदी आहे. वाहतूक पोलिसांनी 2022 मध्ये हाफ हेल्मेटविरुद्ध मोहीमही काढली. केंद्राने 2019 मध्ये दंड 1,000 रुपये केला, कर्नाटकाने लगेच तो 500 वर आणला. फेब्रुवारी 2023 मध्ये थकलेल्या दंडांवर निम्मी सूट जाहीर होताच शहरात सर्व प्रकारच्या वाहतूक दंडांचे मिळून 120 कोटी रुपयांच्या आसपास जमा झाले. एवढी थकबाकी साचत असेल तर दंडाचा धाक रस्त्यावर फारसा उरलेला नसतो. तपासणी डोके झाकले आहे का एवढीच न राहता कोणत्या हेल्मेटने झाकले आहे याचीही व्हायला हवी, आणि ती दुकानातून सुरू व्हायला हवी.

आधी रस्ते नीट करा, मग डोक्याचे बघा, ही तक्रार मात्र रास्त आहे. तिने सक्ती चुकीची ठरत नाही, पण सक्ती करणाऱ्याचे कर्तव्य वाढते. खड्ड्यांविरुद्ध 2015 मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेत कर्नाटक उच्च न्यायालयाने 2019 मध्ये सुस्थितीतील रस्ता हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालील हक्काचा भाग मानला आणि खड्ड्यामुळे अपघात झालेल्या नागरिकाला महापालिकेकडे भरपाई मागता येईल, असे स्पष्ट केले.