मांड आणि वळण

रविवारीं पहाटे साडेपांचच्या सुमारास कोथरूडांतील आमच्या घरावरून मोटारसायकलींचा एक तांडा पौड रस्त्यानें चांदणी चौकाकडे जातो. पिरंगुट, पौड, मुळशी करीत ताम्हिणी घाट गांठावयाचा, तेथें दोनचार वेळां वरखालीं करावयाचें आणि न्याहारीच्या वेळेस घरीं परतावयाचें, असा ह्या मंडळींचा क्रम असतो. त्यांच्या आवाजानें आमची झोप मोडते ही तक्रार येथें करण्याचा हेतु नाहीं. ती शेजाऱ्यांपाशीं करून झाली आहे. आमचें कुतूहल निराळें आहे. ह्या तरुणांपैकीं पुष्कळ जण वळण येतांच बैठकीवरून अर्धें अंग बाहेर सोडतात, आंतल्या बाजूचा गुडघा जमिनीकडे रोखतात आणि मान वळवून पुढें पाहतात. गेल्या पावसाळ्यांत आमचा एक विद्यार्थी ह्याच पवित्र्यांत ताम्हिणींत पडला व खांद्याचें हाड मोडून घेऊन आला. समाचारास गेलों असतां आम्हीं विचारलें, "हें आसन तूं शिकलास कोठें?" तो म्हणाला, "सर, सगळे रेसर असेच बसतात."

ह्या 'सगळे' शब्दानें आमचें लक्ष इतिहासाकडे वेधलें. कारण सगळे असे बसत नव्हते. आणि जे प्रथम बसूं लागले त्यांच्यापाशीं तसें बसण्याचें कारण होतें.

घोडेस्वाराचें सारें कौशल्य मराठी माणसानें एका शब्दांत सांठविलें आहे: मांड. दोन्ही मांड्यांनीं घोडा आवळून धरावा, कमरेवरचें शरीर मोकळें ठेवावें, आणि जनावर वळेल तसें आपण वळावें. मोटारसायकल निघाली तेव्हां तिच्या स्वारानें हाच आदर्श उचलला. मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यत १९०७ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून पुढें साठ वर्षें, थोडे अपवाद सोडतां, उत्तम स्वार तोच कीं ज्याचे गुडघे टाकीस चिकटलेले आहेत आणि ज्याचा कणा गाडीच्या रेषेंत आहे. जेफ ड्यूक ह्या इंग्रज स्वाराचीं १९५० नंतरचीं छायाचित्रें पाहावीं. गाडी कलली आहे, स्वारहि तितकाच कलला आहे. दोघांमध्यें एका अंशाचेंहि अंतर नाहीं. हालचाल कमी, तितकी स्वारी सुंदर, असें त्या काळचे जाणते मानीत.

अपवाद होता तो बाजूगाडीचा. मॅन बेटावर बाजूगाड्यांची पहिली शर्यत १९२३ सालीं झाली. तीन चाकांची गाडी आपण होऊन कलत नाहीं. म्हणून तिच्यांतील सोबती वळणावर जीव मुठींत धरून बाहेर लोंबे व आपल्या देहाचें वजन हवें तिकडे टाकी. अंगाचें वजन हें एक हत्यार आहे, ही गोष्ट त्या अनामिक सोबत्यांस दोनचाकी वीरांच्या पुष्कळ आधीं कळली होती. पण सोबत्याचें अनुकरण कोण करतो?

दोन चाकांवर ही मांड मोडली ती मुख्यतः यार्नो सारिनेन ह्या फिनलंडच्या तरुणानें. बर्फावरील शर्यतींत हा घडला, आणि यंत्रशास्त्राचें शिक्षणहि त्यानें घेतलें होतें. हा दुसरा तपशील आम्हांस पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो गुडघा बाहेर काढी आणि अंग वळणाच्या आंत टाकी. १९७२ सालीं २५० सी.सी. वर्गांत तो जगज्जेता झाला आणि २० मे १९७३ रोजीं इटलींतील मोंझाच्या शर्यतींत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, अपघातांत गेला. त्याचें आसन पुढें नेलें कॅलिफोर्नियाच्या केनी रॉबर्ट्‌सनें. हा मातीच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर वाढलेला. मातींत गाडी घसरणारच असें धरून चालावें लागतें. तेथें स्वार स्वतः ताठ राहून गाडीस आपल्या खालीं कलवितो आणि एक पाय जमिनीस टेकवून घसरणें सांवरतो. डांबरावर त्यानें अगदीं उलट केलें: गाडी कमी कलविली, स्वतः अधिक कलला. १९७८, १९७९ व १९८० ह्या तिन्ही वर्षीं ५०० सी.सी. वर्गाचें जगज्जेतेपद त्याच्याकडे गेलें, आणि पाहतां पाहतां सर्वांचे गुडघे बाहेर आले.

हें तेव्हांच कां घडलें? टायरमुळें. जुने टायर अरुंद व कठीण होते. गाडी फार कलण्यापूर्वींच त्यांची पकड सुटे, तेव्हां अंग आंत टाकून फारसें साधण्यासारखें नव्हतें. १९७० नंतरच्या दशकांत शर्यतीसाठीं रुंद, मऊ आणि नक्षीविरहित टायर आले. आतां पकड उरत होती, पण गाडीचे खालचे भाग जमिनीस घांसूं लागले.

थोडें गणित केल्यावांचून ह्यांतील मर्म ध्यानांत येणार नाहीं. ४० मीटर त्रिज्येच्या वळणांतून ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जावयाचें तर गाडी व स्वार मिळून जो एक भार होतो त्याचा गुरुत्वमध्य सुमारें ४५ अंश आंत कलला पाहिजे. ह्यांत सवलत नाहीं. परंतु ह्या भारांत गाडीनें किती कलावें आणि स्वारानें किती, हा वांटा आपल्या हातीं आहे. सर्वोच्च वर्गाच्या शर्यतीची गाडी कमींत कमी १५७ किलोची असते. स्वार पोषाखासह ७५ किलोचा धरला तर एकूण वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्याचा. त्यानें आपलें शरीर वीसेक सेंटिमीटर आंत सरकविलें कीं दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सहासात सेंटिमीटर सरकतो, आणि त्याच वेगास गाडी पांचसहा अंश अधिक उभी राहते. तेवढ्यानें तिचे भाग घांसत नाहींत व टायरची कड राखून ठेवतां येते. मात्र ह्या युक्तीनें टायरची पकड तिळभरहि वाढत नाहीं. आमच्या लेखाचें प्रयोजन ह्या एका वाक्यांत आहे.

गुडघ्याविषयींहि गैरसमज फार. त्याच्यावर भार टाकावयाचा नसतो. गाडी किती कलली हें तो जमिनीस स्पर्श करून सांगतो, आंधळ्याच्या काठीप्रमाणें. आरंभीं स्वार गुडघ्यावर चिकटपट्टी गुंडाळीत, पुढें प्लास्टिकच्या चकत्या आल्या. आमच्याकडील कांहीं वीर ह्या चकत्या घरींच दगडावर घांसून झिजवितात, असें आमच्या कानावर आलें आहे! आणि मांड खरोखर मोडली का? नाहीं. आंतला पाय सुटतो तेव्हां बाहेरची मांडी टाकीस दुप्पट जोरानें बिलगते. हातांवर भार येऊं न देण्याची जबाबदारी तिची. छायाचित्रांत हा पाय गाडीच्या पलीकडे दडतो, म्हणून अनुकरण करणारास तो दिसत नाहीं.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों. २००५ च्या सुमारास व्हॅलेंटिनो रॉसी वळणाआधीं ब्रेक दाबतांना आंतला पाय मोकळा सोडूं लागला. इतरांनींहि तो सोडला, मात्र कारण विचारल्यास प्रत्येक जण निराळें सांगतो. २०१३ सालीं वीस वर्षांचा मार्क मार्केझ जगज्जेता झाला तो कोंपर जमिनीस घांशीत. गाडीचा कल आतां साठ अंशांच्याहि पलीकडे गेला होता. आपल्या प्रांताचा ह्यांशीं संबंध अगदींच नाहीं असें नव्हे. मुंबईच्या महिंद्र कंपनीच्या गाडीवर फ्रान्चेस्को बान्याया ह्यानें २०१६ सालीं नेदरलंड्समधील आसेन येथें लहान गाड्यांच्या वर्गाची जागतिक शर्यत जिंकली. हाच पुढें २०२२ व २०२३ सालीं सर्वोच्च वर्गाचा जगज्जेता. पुण्याच्या बजाज कंपनीनें २००७ सालीं ऑस्ट्रियाच्या केटीएममध्यें भाग घेतला, आणि त्यांतून चाकणला तयार झालेल्या पुढें झुकून बसण्याच्या गाड्या २०१४ पासून आमच्या गल्लींत उभ्या राहूं लागल्या. आसन असें कारखान्यांतूनच घरीं आलें. त्याचें कारण मात्र वाटेंत राहून गेलें.

विद्यार्थ्यास आम्हीं आणखी एक गोष्ट सांगितली. रॉबर्ट्‌स ज्या १९७८ सालीं प्रथम जगज्जेता झाला, त्याच सालीं अडतीस वर्षांचा माइक हेलवूड अकरा वर्षांनंतर मॅन बेटावर परतला आणि आपल्या जुन्याच मांडीनें डुकाटीवर शर्यत जिंकून गेला. ही शर्यत बंदिस्त धावपट्टीवर होत नाहीं. घरें, दगडी भिंती व झाडें ह्यांमधून जाणाऱ्या साठ किलोमीटरांच्या सार्वजनिक रस्त्यावर होते. ताम्हिणी कशाच्या जवळची? बंदिस्त पट्टीवर तेंच वळण दिवसांत शंभर वेळां येतें व झाडून ठेवलेलें असतें. ताम्हिणींत तो ज्या वळणावर पडला तेथें रात्रींच्या पावसानें डोंगरावरची तांबडी माती व बारीक खडी उतरली होती. तेथें उणीव पकडीची होती, आणि पकड वाढविणें ह्या आसनास साधत नाहीं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, पण गांवांतल्या वळणावर?" कागद घेऊन आम्हीं तेंहि मांडलें: पंधरा मीटर त्रिज्या, ताशीं वीस किलोमीटर, कल सुमारें बारा अंश. इतका कल तर दुधाचे कॅन लावलेली सायकलहि सहज देते.

हाड सांधल्यावर तो पुन्हा रविवारीं जाऊं लागला आहे. परवां कर्वे पुतळ्याच्या वळणावर दिसला. सरळ बसला होता, दोन्ही गुडघे टाकीस लागलेले. आम्हांस पाहून त्यानें मान हालविली. गुडघ्यांवरच्या चकत्या मात्र अजून तशाच होत्या.