दहा बाय बाराची खोली आणि बाहेरचं घर

"मुंबईत तुम्ही लोक राहता तरी कसे?" हा प्रश्न पुण्या-नाशिककडच्या नातेवाइकांनी आजवर इतक्या वेळा विचारलाय की एकदा त्याचं उत्तर नीट लिहूनच टाकावं म्हटलं. प्रश्नाचा अर्थ साधारण असा असतो: जागा परवडत नाहीत, रस्त्यावर गाड्या हलत नाहीत, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मग माणसं इथे येतात कशाला? आणि येऊन वर "मुंबईसारखी मजा कुठे नाही" असं कोणत्या तोंडाने सांगतात?

थोडं इतिहासात शिरलं की उत्तर सापडतं. मुंबईत पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाला परवडेल असं अख्खं घर जवळजवळ कधीच नव्हतं. आजोबांच्या काळात "तेव्हा जागा स्वस्त होत्या" वगैरे म्हणतात ते फारसं खरं नाही. मग लोकांनी काय केलं? घराचे तुकडे केले. झोपायला खोली एकीकडे, जेवण दुसऱ्याच्या चुलीवर, बसण्याबोलण्याला गॅलरी, आणि करमणुकीला अख्खा रस्ता! खोली दहा बाय बाराची असायची, बाकीचं घर बाहेर पसरलेलं असायचं.

सुरुवात गिरण्यांपासून करावी लागेल. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची रांग लागली. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. बहुतेक पुरुष एकटेच, बायकामुलं गावी. एका गावच्या लोकांनी मिळून एक खोली घ्यायची, तिला गाळा म्हणायचं. भिंतीशी पत्र्याच्या ट्रंका, खुंटीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. दिवसपाळीवाला कामावर गेला की रात्रपाळीवाला त्याच जागी अंग टाकायचा. म्हणजे भाडं जागेचं नव्हे, झोपेच्या तासांचं!

या खोलीत चूल नसायची. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे पाटीबिटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतलीच एखादी बाई, बऱ्याचदा विधवा किंवा नवऱ्याचा पगार पुरत नाही अशी, आपल्या खोलीत दहा-पंधरा जणांचं रांधायची. हिशेब पगाराच्या दिवशी. संप झाला, पगार थांबला, तरी ताट बंद व्हायचं नाही. ती वाण्याकडे उधारी करायची, सावकाराकडे दागिना ठेवायची. गिरणगावातल्या संपांचा इतिहास लिहिताना पुढाऱ्यांची नावं येतात, पण संप महिनोन् महिने टिकले ते या बायकांच्या उधारीवर. या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

हीच युक्ती गोव्याच्या मंडळींनी धोबीतलाव आणि माझगावात केली. त्यांच्या गावागावाच्या 'कूड' होत्या. बोटीवर खलाशी म्हणून जाणारा माणूस पुढची बोट मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडीत राहायचा. प्रत्येकाची एक पेटी, एका बाजूला गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. भाडं अगदी नाममात्र. आमच्या कोकणी गाळ्यात भजन, त्यांच्याकडे रोझरी, एवढाच काय तो फरक.

जागा वेळेत वाटून घेण्याचं एक उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या माणसाचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रामजी आंबेडकर कुटुंबासह परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. माणसं जास्त, जागा इवलीशी. मग रामजी मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, आणि दोनला भीमरावांना अभ्यासाला उठवून त्यांच्या जागी स्वतः आडवे व्हायचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले ते असे. पुढे हे कुटुंब इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळच्या चाळीत राहायला गेलं आणि तिथे बाबासाहेबांनी दोन खोल्यांमध्ये कितीतरी वर्षं काढली.

आता हा ट्रस्ट कुठून आला? १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी. माणसं पटापट मरायला लागली, शहर सोडून पळायला लागली, गिरण्या ओस पडल्या, आणि तेव्हा कुठे सरकारला कामगार कसे राहतात हे पाहावंसं वाटलं. १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गल्ल्या पाडून रस्ते काढले, दादर-माटुंग्याला आखीव वसाहती केल्या. आज हिंदू कॉलनीतून किंवा पारशी कॉलनीतून चालताना जी सावली लागते ती त्या आखणीची. पण सुरुवातीच्या काळात ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत जाऊन आणखी दाटीवाटीने राहिली. (पुनर्विकास हा शब्द तेव्हा नव्हता, गोष्ट मात्र होती.)

पगारदार कारकुनांची अडचण वेगळी. त्यांना चाळ नको होती आणि बंगला परवडत नव्हता. १९१५ साली गावदेवीला रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, मुंबईतली या प्रकारची पहिली. सभासदांनी भाग घ्यायचे, इमारत संस्थेच्या मालकीची, आणि सभासदाने आपल्याच संस्थेला दरमहा भाडं द्यायचं. एकट्याला न झेपणारी जागा दहाजणांनी मिळून घ्यायची हा गाळ्याचाच विचार, फक्त आता त्याला घटना, सचिव आणि वार्षिक सभा आली! ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. आज आपण सोसायटीच्या मीटिंगला पार्किंगवरून भांडतो, तेव्हा या माणसाची एकदा आठवण काढावी.

मला या सगळ्यातली सर्वात शिकवणारी गोष्ट वाटते ती बीडीडी चाळींची. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं जाहीर केलं. कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा केला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सुमारे सोळा हजार. पक्क्या, काँक्रीटच्या. प्लेगने आणि गर्दीने गांजलेल्या कामगारांनी धावत यायला हवं होतं ना? नाही आले! कितीतरी खोल्या बरीच वर्षं रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या काही चाळी सरकारने सत्याग्रहींना डांबायला तुरुंग म्हणून वापरल्या.

का आले नाहीत? भाडं जास्त होतं. काँक्रीटच्या भिंती उन्हात तापायच्या. आणि मुख्य म्हणजे वरळी तेव्हा आडबाजूला होती. आसपास बाजार नाही, गिरणी लांब, वाण्याची उधारी नाही, खानावळ नाही, गाववाला नाही. सरकारने खोली बांधली, बाहेरचं घर बांधलंच नाही. ते पुढे हळूहळू लोकांनी स्वतः बांधलं, आणि मग त्याच चाळी अशा भरल्या की एका खोलीत दोन-दोन पिढ्या सुखाने (आणि भांडत) राहिल्या.

हे 'बाहेरचं घर' म्हणजे काय, तर त्यात बरंच काही येतं. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ सालापासून सार्वजनिक गणपती आहे. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, तिने कामगारांसाठी वाचनालयं आणि रात्रशाळा चालवल्या. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. दिवसभर साच्यावर उभी राहणारी माणसं तिथे रात्री नाटकात कामं करत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. राणीची बाग १८६२ ची. शिवाजी पार्क १९२५ साली खुलं झालं. ज्याच्या घरात पुस्तकाचं कपाट मावत नव्हतं त्याच्याजवळ अख्खं ग्रंथालय होतं, आणि ज्याला अंगण नव्हतं त्याच्याकडे समुद्र होता. मुंबईची मजा म्हणतात ती ही. ती खोलीत कधीच नव्हती.

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी १९४० च्या पातळीला गोठली. भाडेकरूला मोठाच आधार झाला, यात शंका नाही. पण मालकाने डागडुजी सोडली, नवीन भाड्याच्या चाळी बांधणं कोणाला परवडेना, आणि जुनी खोली मिळवायची तर पागडी. भाडं नगण्य आणि आत शिरायची किंमत अवाच्या सवा, असा उलटा प्रकार झाला. भाड्याच्या जागांची वाट अशी बंद होत गेली आणि मराठी मध्यमवर्ग गाडीत बसून उत्तरेला निघाला.

इथे लोकलचं माहात्म्य सांगितलंच पाहिजे. १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली, १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत वीज पोचली. पण माझ्या मते खरी क्रांती विजेची नाही, पासाची! महिन्याचा पास इतका स्वस्त, की विरारहून चर्चगेटला साठ किलोमीटर रोज येणं शक्य झालं. गिरगावची खोली विकून डोंबिवलीला दोन खोल्या आणि संडास आत, हे गणित पासामुळे जमलं. मुंबईतली सगळ्यात यशस्वी गृहनिर्माण योजना कुठली असं विचारलं तर मी रेल्वेचा पास म्हणेन. रस्त्यावर गाड्यांची कितीही कोंडी होवो, शहर चालतं ते रुळांवर.

आणि आपल्या लोकांनी तिथेही घर मांडलं. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, चौथ्या सीटवर टेकायला देणारा ठरलेला मित्र, टाळ घेऊन चढणारी भजनी मंडळी. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर बायकांची खास लोकल सुरू झाली. बायकांच्या डब्यात भाजी निवडून होते, हळदीकुंकू होतं, केळवण होतं, दसऱ्याला डब्याची पूजा होते. गिरणगावातली गॅलरी रुळांवर आली, एवढंच.

आता इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगणं भाग आहे. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक जण चाळ सोडून गेलेले असतात, आणि त्यातही पुरुष जास्त. पहाटे चारला उठून नळावर नंबर लावणं, सामाईक संडासाची रांग, पडद्याआड बाळंतिणीची खाट, हे कोणी केलं? गॅलरीत गप्पा मारणाऱ्याने नव्हे. खानावळवालीच्या उधारीवर लढे झाले, पण तिचा दागिना सुटला का, ते कोणी लिहून ठेवलं नाही. लोकलचंही तसंच. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली. स्वस्त पासाची उरलेली किंमत अशी वसूल होते. "मुंबईकर जुळवून घेतो" हे वाक्य मला म्हणूनच आवडत नाही. घ्यावं लागतं, म्हणून घेतो.

त्यामुळे १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशे चौरस फुटांत! ज्या बाईने चाळीस वर्षं संडासाला जिना आणि व्हरांडा पार केला तिला आता आपल्या घरातलं दार लावून घेता येतं, यापुढे बाकीच्या चर्चा फिक्या आहेत.

तरीही शंभर वर्षांपूर्वी रिकाम्या पडलेल्या त्याच चाळींची गोष्ट डोक्यातून जात नाही. खोली बांधून भागत नाही, हे तेव्हा कळलं होतं. आता टॉवरमध्ये मेंटेनन्स किती, गणपती बसतो कुठे, म्हाताऱ्यांनी खाली येऊन बसायचं कुठे, खाली पोळीभाजी विकणाऱ्या बाईला गाळा मिळणार का, हे प्रश्न चौरस फुटांत येत नाहीत. दामोदर नाट्यगृहाचा पडदा २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी पडला. अशी एकेक जागा जाते तेव्हा हजारो लहान घरं आणखी लहान होतात.

घरातल्या ज्या मुलामुलींची आता मुंबईत जागा शोधायची धडपड चालली आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. कार्पेट एरिया जरूर मोजा, हप्ता मोजा. पण संध्याकाळी एकदा त्या भागात पायी फिरून या. स्टेशन चालत किती मिनिटं, बाग आहे का, ग्रंथालय आहे का, उशीर झाला तर डबा कोण देईल, आजारी पडलात तर शेजारी दार वाजवेल का. यातलं निम्मं जरी मिळालं, तर एक खोली कमी पडली तरी चालेल. आणि यातलं काहीच नसेल, तर मोठा फ्लॅटसुद्धा रिकाम्या बीडीडीसारखा वाटेल.