दिनविशेष : २५ जानेवारी – ख्रिस पेरी स्मृतिदिन

कोकणी गाण्यात जॅझचा ठेका मुरवणारे गोमंतकीय संगीतकार ख्रिस पेरी यांचे २५ जानेवारी २००२ रोजी निधन झाले. १९२८ मध्ये मडगावच्या बोर्डा भागात जन्मलेल्या पेरींचे मूळ आडनाव परेरा. ट्रंपेट हे त्यांचे मुख्य वाद्य. सॅक्सोफोनही ते वाजवत. शिवाय चाल त्यांचीच आणि बहुतेकदा शब्दही त्यांचेच.

गोव्यात चर्चच्या संगीतशाळांतून मुले लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकत. त्याच शिदोरीवर अनेक वादक मुंबईत आले, रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच झळकली, ही खंत आजही आहे. पेरी मात्र आपल्या बोलीकडे वळले. चर्चगेटच्या अस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’मध्ये त्यांचा बँड वाजे आणि समोर गात असत लॉर्ना कोर्देरो. ‘बेबदो’, ‘पिसो’ ही त्या जोडीची गाणी गोव्यात घरोघरी पोचली. ‘बेबदो’ म्हणजे दारुडा; दारुड्यावरच्या गाण्यालाही असा डौल देता येतो, हे पेरींनीच दाखवले! पुढे दोघांची वाट वेगळी झाली आणि लॉर्ना अनेक वर्षे गाण्यापासून दूर राहिल्या.

या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरित ‘नाचुंया कुंपासार’ला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वरातीतला ट्रंपेट आपण खूप ऐकला आहे. आज पेरींचा जरूर ऐकावा.