ढाल, घंटा आणि किटली

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी ‘शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांवर काहीतरी लिही’ असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली ती मुख्याध्यापकांच्या खोलीतली चांदीच्या रंगाची फिरती ढाल. १९८१ च्या दहावीच्या तुकडीला ती नक्की आठवत असेल. त्या ढालीबद्दल एक गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी थोडे मागे जाऊ.

नाशिकला बोलण्याची आणि ऐकण्याची सवय जुनी आहे. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जन्मले ते आपल्या निफाडला, १८४२ मध्ये. पुढे १८७८ मध्ये त्यांची बदलीही नाशिकला झाली होती. नाशिकची स्वतःची वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची. मे महिन्याच्या संध्याकाळी गोदाघाटावर, देवमामलेदारांच्या पटांगणावर सतरंजीवर बसून मोठमोठ्या वक्त्यांना ऐकत आपल्यातले कितीतरी जण वाढले. कळत काहीच नव्हते, पण माणूस कागद न बघता तासभर बोलू शकतो एवढे मात्र तिथेच कळले.

शाळा-शाळांतली वादविवाद स्पर्धा हा प्रकार इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. केंब्रिजचे विद्यार्थी १८१५ पासून आणि ऑक्सफर्डचे १८२३ पासून आपापल्या वादसभा चालवत होते. मात्र वाद घालणे आपल्याला कुणी शिकवावे लागले नाही. शास्त्री मंडळींचा शास्त्रार्थ होताच, आणि त्यात समोरच्याचे म्हणणे आधी नीट मांडायचे, मग खोडायचे, असा दंडक होता. तो पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. गावच्या जत्रेत कलगी आणि तुरा हे दोन फड रात्रभर एकमेकांना सवाल टाकत. सवाल ऐकल्याशिवाय जबाब देता येत नाही, हे तिथल्या शाहिराला पक्के ठाऊक होते.

विद्यार्थ्यांच्या बोलण्याची सरकारलाही एके काळी धास्ती होती. १९०० च्या सुमारास तिळभांडेश्वराच्या गल्लीत सावरकर बंधू आणि त्यांचे सोबती ‘मित्रमेळ्या’च्या बैठका भरवत. १९०७ मध्ये रिस्ले परिपत्रक निघाले आणि विद्यार्थ्यांनी राजकीय सभांपासून दूर राहावे असा फतवा निघाला. शाळांच्या व्यासपीठावर ‘विज्ञान : शाप की वरदान’ यांसारखे निरुपद्रवी विषय इतकी वर्षे ठाण मांडून बसले, त्यात या धास्तीचाही वाटा असावा असे मला वाटते.

आणि बोलायला उभे कोणी राहायचे, हा प्रश्न तर त्याहून मोठा. याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला. दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. नाशिक जिल्ह्यात झालेल्या भाषणांपैकी देशाच्या इतिहासावर एवढा परिणाम करणारे दुसरे भाषण मला तरी सांगता येणार नाही. त्याला ना घंटा होती, ना परीक्षक.

आता ढालीकडे येतो.

आपल्याकडच्या आंतरशालेय वादविवादाची पद्धत सर्वांना आठवत असेलच. प्रत्येक शाळेचे दोन स्पर्धक, एक विषयाच्या बाजूने आणि एक विरुद्ध. वेळ सात मिनिटे. पाचव्या मिनिटाला पहिली घंटा, सातव्याला दुसरी. त्यानंतर बोललात तर गुण कापले जाणार. दोघांच्या गुणांची बेरीज जिची जास्त, त्या शाळेला ढाल. म्हणजे वाद घालायचा आपल्याच जोडीदाराशी, आणि जिंकायचे मात्र पलीकडच्या शाळेला. ती ‘पलीकडची शाळा’ कोणती हे मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि त्यांच्या स्मरणिकेत ‘पलीकडची शाळा’ म्हणजे आपण.

विषय होता : ‘यंत्रयुगाने माणूस सुखी झाला आहे.’ मी बाजूने. भाषण सरांनी लिहून दिलेले, पंधरा दिवस घोकलेले. हात कुठे उचलायचा, आवाज कुठे खाली आणायचा, सगळे ठरलेले. सुरुवात जेम्स वॅट आणि त्याच्या किटलीपासून.

माझ्या आधी दोन जणांनी तीच किटली उकळून झाली होती. मग पलीकडच्या शाळेची मुलगी विरुद्ध बाजूने उभी राहिली. हातात कागद नाही. ती म्हणाली, “वाफ वॅटला दिसली, हे आपण दोनदा ऐकलं. पण किटली चुलीवर कुणी ठेवली होती? तिचं काम किती कमी झालं?” मग ती सातपूरच्या कारखान्यांतल्या पाळ्यांवर आली. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा पत्र्याच्या खोलीत कसा झोपतो, आणि त्याच्या झोपेसाठी घरातली लहान मुले दिवसभर कुजबुजत कशी बोलतात, हे तिने सांगितले. सभागृह गप्प झाले. दुसरी घंटा वाजली तरी ती थांबली नाही.

पुढचा नंबर माझा. अध्यक्ष महाशय, सन्माननीय परीक्षक आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो झाले, आणि तोंडातून निघाले, “एका किटलीतून वाफ येत होती...” सभागृह खो खो हसले. मला थांबता आले नाही, कारण दुसरे काही माझ्याजवळ नव्हतेच. हात ठरल्या ठिकाणी उचलत मी सहा मिनिटे चाळीस सेकंदांत भाषण संपवले.

ढाल आम्हालाच मिळाली, एका गुणाने. माझा जोडीदार खरोखर उत्तम बोलला होता, आणि तिचे वेळेचे गुण कापले गेले होते. नियमाप्रमाणे निकाल बरोबरच होता. शाळेत आमची मिरवणूक निघाली, पेढे वाटले गेले. पण त्याआधी, सभागृहाबाहेर पाण्याच्या नळापाशी ती भेटली होती. म्हणाली, “तुझे उच्चार छान आहेत. पण तू माझं ऐकलंच नाहीस ना?” तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

सरांना मी दोष देत नाही. त्या काळी सगळ्याच शाळांत भाषणे लिहून दिली जात. त्यांनी आपल्या झोपेचे तास मोडून माझ्यासाठी लिहिले होते. पण पाठांतराची एक किंमत असते. पाठ केलेला मुलगा व्यासपीठावर बसून समोरच्याचे ऐकत नाही, मनातल्या मनात आपलेच वाक्य घोकत असतो. पुढे तीस वर्षे नोकरीत कितीतरी बैठकांत मी लोकांना तसेच करताना पाहिले. स्वतःलाही अनेकदा पकडले, आणि दर वेळी ती किटली आठवली.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने एक सूचना. माजी विद्यार्थी निधीतून शाळेत वादविवाद स्पर्धा पुन्हा सुरू करावी असे ठरते आहे, ते उत्तमच. त्यात एक नियम वाढवावा : प्रत्येक वक्त्याने आधीच्या वक्त्याचा एक मुद्दा त्याला मान्य होईल असा मांडावा, आणि मगच त्याला उत्तर द्यावे. त्याला वेगळे दहा गुण असावेत. पहिल्या वर्षीचे पाहुणे म्हणून पलीकडच्या शाळेला आवर्जून बोलवावे.

आणि ती ढाल अजून कपाटात असेल, तर त्या दिवशी बाहेर काढावी. तिच्यावर १९८० सालापुढे आपल्या शाळेचे नाव कोरले आहे, ते तसेच राहू द्या. फक्त त्या स्पर्धेत सर्वांत चांगले भाषण कोणत्या शाळेचे झाले, हे पाहुण्यांसमोर माइकवरून सांगायची परवानगी मला द्यावी. सात मिनिटे लागणार नाहीत.