वापरलेल्या हलक्या क्रीडा विमानाची खरेदी आणि सुरक्षितता

वापरलेले हलके क्रीडा विमान विकत घेण्यापूर्वी त्याची कागदपत्रे, सांगाडा आणि इंजिन यांची तपासणी करून ते उड्डाणयोग्य असल्याची खात्री केली जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील नियम व पद्धती विचारात घेतल्या आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने २००४ मध्ये हा वर्ग निर्माण केला. मूळ नियमांनुसार जमिनीवरून उडणाऱ्या अशा विमानाचे कमाल वजन ६०० किलोग्रॅम आणि आसने जास्तीत जास्त दोन असत. रचना मान्य मानकांनुसार असल्याचे उत्पादक स्वतः जाहीर करतो व नंतर आढळलेल्या दोषांविषयी सुरक्षा निर्देशही तोच काढतो. उत्पादक कंपनी बंद पडल्यास ही माहिती मिळणे थांबते. त्यामुळे खरेदीपूर्वी कंपनीची सद्यःस्थिती पाहणे आवश्यक ठरते.

झोडियाक सीएच ६०१ एक्सएल

या प्रकारच्या विमानांच्या सहा अपघातांत उड्डाणादरम्यान सांगाडा तुटून दहा जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एप्रिल २००९ मध्ये ही विमाने जमिनीवर ठेवण्याची शिफारस केली. पुढे पंखांना बळकटी देणे, एलेरॉनला संतुलक वजने बसवणे असे बदल सुचवण्यात आले. असे बदल प्रत्यक्ष झाले आहेत का, हे बाहेरून केलेल्या रंगरंगोटीवरून कळत नाही. ते नोंदवहीत व विमानावर पडताळावे लागते.

कागदपत्रे

विमान कारखान्यात तयार झालेल्या 'विशेष' गटातील आहे की 'प्रायोगिक' गटातील, हे प्रमाणपत्रावरून समजते. पहिल्या गटात सुरक्षा निर्देशांचे पालन बंधनकारक असते. दुसऱ्या गटात उत्पादकाच्या संमतीविना बदल करता येतात, म्हणून प्रत्येक बदलाची छाननी करावी लागते. दोन्ही गटांत दर बारा महिन्यांनी तपासणी आवश्यक असते.

तांत्रिक तपासणी

ही तपासणी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या आणि त्या प्रकारच्या विमानाचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाकडून करून घेणे श्रेयस्कर असते. प्रशिक्षणासाठी वापरलेल्या विमानात कठोर अवतरणांमुळे चाकांच्या जोडणीजवळ तडे असू शकतात, तर दीर्घकाळ उभ्या असलेल्या विमानात गंज आढळतो. रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या रबरी नळ्या दर पाच वर्षांनी बदलायच्या असतात. म्हणजे उड्डाणाचे तास कमी असले तरी हे काम टळत नाही.

वैमानिकाची तयारी

वजन कमी असल्याने शक्ती घटताच या विमानाचा वेग झपाट्याने उतरतो आणि वाऱ्याचा परिणामही अधिक जाणवतो. त्यामुळे जड विमाने चालवणाऱ्या अनुभवी वैमानिकांनीही प्रशिक्षकासह सराव करणे हितावह असते.