फुकटचे मेगाहर्ट्झ

२४ ऑगस्ट १९९८ या दिवशी इंटेलने बाजारात आणलेल्या प्रोसेसरांपैकी दोन बघा. एक पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झचा, घाऊक भाव ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झचा, भाव १४९ डॉलर. पहिला पैसेवाल्यांसाठी, दुसरा आपल्यासारख्यांसाठी. आणि थोड्याच दिवसांत जगभरच्या उपद्व्यापी मंडळींच्या लक्षात आलं, की हा १४९ डॉलरवाला गडी बहुतेक वेळा ४५० मेगाहर्ट्झनेही आरामात पळतो!

ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती गेम खेळणारी पोरं, काचेची कॅबिनेट्स आणि निळे-जांभळे दिवे. मला मात्र त्यात एक जुनं भांडण दिसतं. चिपवर छापलेला वेग आणि ती चिप खरोखर गाठू शकते तो वेग, या दोहोंमध्ये नेहमी थोडी जागा शिल्लक असते. ही मधली जागा कोणाची? बनवणाऱ्याची की विकत घेणाऱ्याची? गेली चाळीस वर्षं हे भांडण चालू आहे आणि दर वेळी त्याचं बिल एकाच ठिकाणी फाडलं जातं: विजेच्या खात्यावर.

आधी ही जागा असते का, ते बघू. एकाच सिलिकॉनच्या चकतीतून शेकडो चिप्स निघतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. काही उजव्या, काही डाव्या. कंपनी त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी लावते. शिवाय चिप तापलेल्या खोलीत, कमी-जास्त व्होल्टेजवर, वर्षानुवर्षं चालेल अशी हमी द्यायची, तर छापील आकडा थोडा राखूनच द्यावा लागतो. आणि तिसरं कारण निव्वळ धंद्याचं. स्वस्त मालाला गिऱ्हाईक जास्त असलं आणि कारखान्यात मात्र सगळी पैदास चांगलीच निघत असली, तर चांगल्या चिपवरही छोटा आकडा छापून ती विकली जाते. हापूस रायवळच्या भावाने, असं म्हणा हवं तर.

भांडणाचा पहिला ठसठशीत अंक १९८४च्या आयबीएम पीसी एटीवर घडला. त्यातला ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालायचा. वेग ठरवायचा बोर्डावरचा १२ मेगाहर्ट्झचा एक क्रिस्टल, त्याचे दोन भाग करून ६. लोकांनी हा क्रिस्टल काढून १६चा बसवला, झालं, ८ मेगाहर्ट्झ! चार-पाच डॉलरच्या वस्तूत मशीन एक तृतीयांशाने जलद. यावर आयबीएमने काय करावं? पुढच्या बायॉसमध्ये वेग तपासणारी चाचणीच घातली. घड्याळ जास्त जोरात चालतंय असं दिसलं की मशीन सुरूच व्हायचं नाही. मधली जागा आमची आहे, असं कंपनीने सांगितलेलं हे पहिलं ठळक उदाहरण.

नव्वदच्या दशकात या भांडणात चोरही शिरले. कमी वेगाच्या पेंटियमवरचा आकडा खरवडून त्यावर मोठा आकडा छापायचा आणि जास्त भावाने विकायचा, असा धंदा सुरू झाला. तेव्हा इंटेलने प्रोसेसरचा गुणक कुलूपबंद करायला सुरुवात केली. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक. गुणकाला कुलूप लागलं, पण बस मोकळी राहिली आणि सेलेरॉन ३००ए नेमका याच फटीतून निसटला. त्याचा गुणक ४.५ आणि बस ६६ची, म्हणून ३००. त्याच वर्षी आलेल्या ४४०बीएक्स चिपसेटचे बोर्ड १०० मेगाहर्ट्झची बस द्यायचे. ४.५ गुणिले १००, बरोबर ४५०. काही बोर्डांवर तर प्रोसेसरच्या 'बी२१' या पिनवर चिकटपट्टी किंवा नेलपॉलिश लावलं तरी काम व्हायचं. बोर्डाला वाटायचं, आलेला पाहुणा १००वालाच आहे.

यातली एक गंमत मला फार आवडते. ६६ वरून थेट १०० वर जाण्यापेक्षा मध्ये ८३ वर थांबणं जास्त सावधपणाचं वाटतं ना? प्रत्यक्षात उलट होतं. हार्ड डिस्क आणि बाकीची कार्डं ज्या पीसीआय बसवर चालायची, तिचा वेग ३३ अपेक्षित. १०० ला ३ने भागलं की ३३ मिळायचे. ८३ ला मात्र २नेच भागलं जायचं, म्हणजे ४१च्या वर! प्रोसेसर मजेत राहायचा, पण हार्ड डिस्कवरच्या फायली खराब व्हायच्या. माफक हाव धोक्याची आणि मोठी हाव सुरक्षित, असा प्रकार. ओव्हरक्लॉकिंगमध्ये सुरक्षितता अंदाजाने ठरत नाही, हिशोबाने ठरते, हा धडा तिथला.

आता विजेच्या हिशोबाकडे येऊ. चिपला लागणारी वीज दोन गोष्टींनी वाढते. वेग दीडपट केला तर वीजही साधारण दीडपट. पण व्होल्टेज वाढवलं तर वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३००ए ३०० वर सुमारे १९ वॅट घ्यायचा. ४५० वर गेला, तर २८-२९. अनेक नग त्याच व्होल्टेजवर तिथपर्यंत जायचे, म्हणून सगळं इतकं सोपं वाटलं. फुकटचे मेगाहर्ट्झ! लोकांना चटक लागली ती इथे.

जानेवारी २००२ मध्ये पेंटियम फोरची नॉर्थवुड आवृत्ती आली आणि चटक अंगाशी आली. हिचं नेहमीचं व्होल्टेज १.५च्या आसपास. लोक बिनधास्त १.७च्या वर न्यायला लागले. मशीन सुरू व्हायचं, चाचण्या पास व्हायच्या, फुशारकी मारून व्हायची आणि मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एके सकाळी प्रोसेसर मेलेला. लोकांनी त्याला 'सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम' असं डॉक्टरी नाव दिलं. बोट दाखवलं गेलं इलेक्ट्रोमायग्रेशनकडे. दाट विद्युतप्रवाह चिपमधल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकवतो. नदी काठ खात जाते तसं. एक दिवस काठ कोसळतो, पण खाणं कधीचंच चालू असतं. तापमान ठीक आहे, मशीन हँग होत नाही, म्हणजे सगळं सुरक्षित, असं समजणाऱ्यांना नॉर्थवुडने दिलेलं हे उत्तर.

एक हिशोब करून बघा. २.४ गिगाहर्ट्झचा नॉर्थवुड १.५ व्होल्टवर साधारण ६० वॅट घेतो असं धरू. तो ३.२ वर नेला आणि व्होल्टेज १.७ केलं, तर वेगामुळे १.३३ पट, व्होल्टेजमुळे १.२८ पट, मिळून १.७ पट. म्हणजे १०० वॅटच्या वर. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि वीज सत्तर टक्क्यांनी! बरं, १.७ व्होल्टवर १०० वॅट म्हणजे जवळजवळ ६० अँपिअर. घरातला २००० वॅटचा गीझर ९ अँपिअरसुद्धा घेत नाही. इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून ६० जातायत.

हे ६० अँपिअर पुरवायचे कोणी? आधी प्रोसेसरची वीज बहुतेक बोर्ड ५ व्होल्टच्या तारेवरून घ्यायचे. पेंटियम फोरची भूक बघता ते झेपणार नव्हतं. म्हणून २००० साली एटीएक्स१२व्ही हे मानक आलं आणि एसएमपीएसमधून चार पिनांचा तो छोटा चौकोनी कनेक्टर बाहेर पडला. तेव्हापासून प्रोसेसर १२ व्होल्टवर जगतो. वरचे १०० वॅट आणि बोर्डावरच्या रेग्युलेटरची घट धरली, तर १२ व्होल्टच्या तारेवर जवळपास १० अँपिअर, फक्त प्रोसेसरसाठी. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पंखे वेगळे.

आणि इथेच आपल्याकडच्या बाजाराचा संबंध येतो. कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणारा एसएमपीएस तुमच्यापैकी अनेकांनी वापरला असेल. वर ठळक अक्षरात ४५० वॅट. पण हा आकडा ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या सगळ्या तारांची बेरीज असतो. लेबलच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे १२ अँपिअर लिहिलं असेल, तर प्रोसेसरच्या कामाचे वॅट १४४च. असे दोन-तीन निकामी झालेले डबे मी खोलून पाहिले आहेत. उचलतानाच हलके. आत फिल्टरच्या कॉइल असायला हव्यात तिथे साधी तार ओढून दिलेली. असा डबा ताणला की १२ व्होल्टचे साडेअकराच्या खाली जातात, मशीन अधूनमधून रीस्टार्ट होतं आणि आळ मात्र प्रोसेसरवर येतो. म्हणूनच, ज्याला हा खेळ खेळायचाच आहे त्याने सुरुवात एसएमपीएसच्या लेबलपासून करावी. मग वेग थोडा-थोडा वाढवावा, प्रत्येक पायरीवर प्राइम९५सारखी चाचणी तासन्‌तास चालवावी आणि व्होल्टेजला हात लावावा तो सगळ्यात शेवटी. डेटाचा बॅकअप त्याच्याही आधी.

इकडे खुद्द इंटेललाही हेच गणित नडलं. २००४च्या प्रेस्कॉट पेंटियम फोरने ३.८ गिगाहर्ट्झवर ११५ वॅट गाठले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द झाला. त्यानंतर जोर आला तो एकाऐवजी अनेक कोअर देण्यावर.

पुढे मधल्या जागेचं रीतसर वाटप झालं. २००८ पासून टर्बो बूस्ट, म्हणजे चिप स्वतःच संधी बघून वेग वाढवणार. २०११च्या सँडी ब्रिजमध्ये बसचा वेग बाकी सगळ्याला बांधून टाकला, त्यामुळे ३००एची फट बुजली. गुणक मोकळा हवा असेल, तर नावाच्या शेवटी 'के' असलेला महागडा नग घ्या. २०१२ ते २०२१ पर्यंत तर इंटेल ओव्हरक्लॉकिंगमध्ये जळालेल्या प्रोसेसरसाठी वेगळे पैसे घेऊन विमाही विकत होती! जे १९८४ मध्ये रोखलं गेलं, ते आता रेटकार्डावर आलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला कोअर आय-नाइन १४९००के कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा होता आणि २५३ वॅटपर्यंत पिणारा. मधली जागा आता कंपनीनेच जवळपास सगळी वापरली होती. मग काय व्हायचं ते झालं. १३व्या आणि १४व्या पिढीचे अनेक प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. ओव्हरक्लॉकिंग कशाशी खातात हे माहीत नसलेल्या लोकांचेसुद्धा. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, की मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. मदरबोर्डांच्या सढळ सेटिंग्जचाही त्यात वाटा होता. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली आणि दुरुस्त मायक्रोकोड आला, पण आधीच झिजलेली चिप त्याने बरी होत नाही. नॉर्थवुडचीच गोष्ट, फक्त या वेळी व्होल्टेज वाढवणारा हात गिऱ्हाइकाचा नव्हता.

आता गंमत बघा. आज हौशी मंडळी अंडरव्होल्टिंग करतात. व्होल्टेज थोडं उतरवायचं, वॅटची मर्यादा खाली आणायची. त्याच वर्गाच्या गणिताने दहा टक्के व्होल्टेज कमी केलं, तर चालू कामाची वीज जवळपास एकोणीस टक्क्यांनी घटते आणि वेग फारसा पडत नाही. मी माझ्या मशीनवर सध्या हेच करतो. पंखा शांत, खोली गार, चिपचं आयुष्य जास्त.

मधली जागा ही मुळात कोणाच्या कमाईची नव्हतीच. उन्हाळ्याच्या दुपारसाठी, हलक्या एसएमपीएससाठी आणि दहाव्या वर्षासाठी राखून ठेवलेली ती शिल्लक होती. पूर्वी ती खर्च करायची की नाही, हे आपण ठरवायचो. आता बॉक्स उघडायच्या आधीच ती खर्च झालेली असते. तेव्हा नवीन मशीन घेतलंत, तर बायॉसमध्ये जाऊन निदान थोडी तरी परत जमा करा.