परसासकट घर

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला असं मानतात. जुन्या मराठी घरांत त्याला ओळखीच्या भाजीचं नाव चिकटलं, वेलवांगं! आता तुम्ही-आम्ही तोच बाल्कनीतल्या कुंडीत लावतो आणि चार फळांचे चाळीस फोटो काढतो. असो.

परक्या झाडाला रुजायला एक वाफा पुरतो. अख्ख्या वाडीला किती जागा लागते?

२२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. ८० हून जास्त माणसं गेली. वर महाबळेश्वरला त्या २४ तासांत ५९० मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला होता. याच तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांनी जुलै २००५ मध्ये हेच भोगलं होतं.

तळीयेत नवी घरं बांधायची जबाबदारी म्हाडाने घेतली. घर चौरस फुटांत मोजता येतं. पण कोकणात घर म्हणजे मागचं परसही आलं. गोठा, कोंबड्यांचं खुराडं, अळूचं आळं, मांडवावर चढलेला पडवळ. गाय कुठल्या कॉलममध्ये लिहायची?

कोयनेसारख्या धरणांनी उठवलेल्या लोकांच्या लढ्यांनंतर १९७६ मध्ये महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला. लाभक्षेत्रात पर्यायी जमीन द्यायची सोय त्यात होती. नंतर १९८६ आणि १९९९ मध्ये नवे कायदे आले. पण हे सगळे प्रकल्पग्रस्तांसाठी. दरडग्रस्त त्यात बसत नाहीत, कारण कोसळणारा डोंगर हा सरकारी प्रकल्प नव्हे.